रेझिस्टन्स मोजणं आणि वायरिंगला मेगर लावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग आणि पुढे घरगुती वायरिंग, यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. आयटीआयमधून बाहेर पडलेली पोरं हाताला सवय व्हावी म्हणून संध्याकाळी येऊन बसतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. ज्यांच्या घरी, शेतावर, गुऱ्हाळावर आम्ही कामाला जातो, त्यांचेही ठरलेलेच. तीच उत्तरं परत परत देण्यापेक्षा एकदा लिहून काढली. मेगर म्हणजे वायरचं आवरण, म्हणजे इन्सुलेशन, किती धड आहे ते तपासायचं यंत्र. हिशेबाची सूत्रं पुस्तकात मिळतात. पुस्तकात सहसा न सापडणाऱ्या गोष्टींवर इथे जास्त भर आहे.

काका, मल्टिमीटर असताना मेगर कशाला?

पैलवानाशी हात मिळवून त्याचा जोर कळत नाही. त्याला मातीत उतरवावं लागतं.

मल्टिमीटर ओहमवर लावला की तो आतल्या बॅटरीतून तारेला जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतो. घरातला दाब २३० व्होल्ट म्हणतो खरा, पण तो एसी आहे. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर तो ३२५ व्होल्टपर्यंत जातो. वायरच्या आवरणाला केसाएवढी चीर असेल, तिच्यात भिंतीची ओल आणि चुन्याची पूड बसली असेल, तर दोन व्होल्टला तिथून काहीच जात नाही. मीटर ‘ओएल’ (म्हणजे आकडा रेंजच्या बाहेर) दाखवतो आणि आपण खूश होतो. मेन चालू केल्यावर त्याच चिरेतून करंट भिंतीत उतरतो.

मेगर तारेवर ५०० व्होल्ट डीसी टाकून विचारतो, ‘आता सांग, धरून ठेवतेस का?’ म्हणून तार सलग आहे का, कॉईल तुटली आहे का, हे मल्टिमीटरला विचारायचं. इन्सुलेशन धड आहे का, हे मेगरला. मल्टिमीटर बघून ‘वायरिंग ओके’ असं लिहून देणारा माणूस अर्धं कामच करून गेलेला असतो.

मल्टिमीटर रेझिस्टन्स मोजतो म्हणजे करतो काय?

स्वतःचा ठरावीक बारीक करंट तारेतून सोडतो, दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडले ते बघतो आणि भागाकार करून दाखवतो. १८२७ साली जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने मांडलेला नियम तो एवढाच, आणि आजही मीटरच्या पोटात तोच चालतो. शाळेच्या पुस्तकात रेझिस्टन्सला रोध म्हणतात. कामावर कुणी म्हणत नाही.

यातूनच दोन पथ्यं निघतात. चालू लाईनवर ओहमची रेंज लावायची नाही, कारण मीटर स्वतःचा करंट सोडत असताना बाहेरचा करंट आत घुसला की आधी फ्यूज जातो, फ्यूज निकृष्ट असला तर मीटर जातो आणि नशीब वाईट असलं तर हात भाजतो. दुसरं, ज्या पार्टचा रेझिस्टन्स मोजायचा त्याचं निदान एक टोक तरी सोडवायचं. नाहीतर त्याला समांतर असलेलं सगळं घर तुम्ही मोजत बसता.

सरावाला काय घेऊ?

घरातलीच वस्तू घ्या. इस्त्री, गिझर, पाण्यात सोडायचा रॉड. त्यावर वॅट छापलेले असतात. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला वॅटने भागलं की ओहम मिळतात. १००० वॅटची इस्त्री ५३ ओहमच्या आसपास, १५०० वॅटचा रॉड ३५ च्या आसपास, २००० वॅटचा गिझर साडेसव्वीसच्या आसपास. आधी कागदावर काढा आणि मग प्लगच्या दोन सारख्या पिनांवर मोजा; जाड, लांब पिन अर्थची, ती सोडा. जवळपास आलं की हाताला विश्वास येतो. इस्त्रीचा थर्मोस्टॅट चालू बाजूला फिरवायला विसरू नका. ‘इस्त्री जळाली’ म्हणून आलेल्या कितीतरी इस्त्र्यांचा नॉब फक्त बंदवर असतो.

मग जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब घ्या. गणित ५२९ ओहम सांगतं, मीटर चाळिशीच्या आसपास दाखवतो. दोघांत खोटं कुणीच बोलत नाही. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स कमी असतो, पांढरी तापली की तो बारा-तेरा पट होतो. हा बल्ब मी प्रत्येक नव्या पोराच्या हातात देतो. रीडिंग नुसतं वस्तूचं नसतं, ती वस्तू त्या वेळी कशा अवस्थेत आहे याचंही असतं, हे त्याला तिथेच कळतं. पुढे मेगर हातात आला की हे पुन्हा लागणार आहे.

‘बीप वाजतंय की! मग जोड चांगलाच न्हवं?’

नव्हे. बहुतेक मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. त्याला ‘रस्ता आहे’ एवढंच कळतं, रस्त्यावरचे खड्डे कळत नाहीत.

हिशेब बघा. टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे आणि तिथे अर्धा ओहम आहे. बझर मजेत वाजणार. त्याच जोडातून १६ अँपिअर गेले तर तिथे १२८ वॅटची उष्णता तयार होते. सुपारीएवढ्या जागेत सव्वाशे वॅट! सॉकेट पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वास येतो.

म्हणून जोड तपासताना बझरवर न राहता २०० ओहमच्या रेंजवर आकडा वाचायचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट टेकवून लीडचाच रेझिस्टन्स बघायचा. तो ०.१ ते ०.५ ओहम काहीही असू शकतो. तेवढा वजा करायचा. तारेचं स्वतःचं किती यायला हवं हेही माहीत पाहिजे. १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार किलोमीटरला साधारण १२ ओहम, २.५ ची साडेसातच्या आसपास. बोर्डापासून खोलीपर्यंत २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर, १.५ ची तार असेल तर अर्ध्या ओहमच्या आत-बाहेर यायला हवं. दीड ओहम आलं की वाटेतल्या जंक्शन बॉक्समध्ये कुणीतरी तारा नुसत्या पिळून टेप मारून ठेवल्यात असं समजा.

एक ओहमच्या खालची खरी मापं साध्या मल्टिमीटरची नव्हेत. त्यासाठी चार तारांचा मिलिओहम मीटर असतो. दोन तारांनी करंट सोडायचा आणि वेगळ्या दोन तारांनी व्होल्ट बघायचे, म्हणजे लीडचा रेझिस्टन्स हिशेबात येतच नाही. रिवाइंडिंगवाल्याकडे तो असावा. घरगुती वायरमनला नसला तरी चालतं.

आकडा स्थिर राहत नाही, उड्या मारतो. का?

प्रोबच्या धातूला दोन्ही हातांची बोटं लागली असतील तर तुम्ही स्वतःलाच मोजताय. मोठ्या रेंजवर हे हमखास होतं, घामाच्या हाताने जास्त. नाहीतर गंज, वॉर्निश, उतरलेली बॅटरी. वायंडिंगच्या एनॅमलच्या तारेचं टोक खरवडल्याशिवाय ती मीटरला तुटलेलीच दिसणार, आणि चांगली कॉईल तुटलेली ठरवून फेकली जाणार.

घराच्या वायरिंगला मेगर लावायचा क्रम काय?

आधी मेन बंद. मीटर आणि त्याच्या मागची बाजू महावितरणची, तिला हात लावायचा नाही. मेनचे फ्यूज असतील तर ते काढून खिशात टाकायचे, तिथेच वर ठेवायचे नाहीत. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर त्याच्या दांडीवर टेप मारून चिठ्ठी लावायची. ‘लाईट कशी काय गेली’ म्हणत घरातलं कोणीतरी ती वर करतंच. आमच्याकडे हा मान बहुतेक आजोबांचा असतो. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून त्याच्या बाहेर जाणाऱ्या तारा सोडवा. मेन बंद असूनही घरात २३० व्होल्ट फिरवणारा हाच.

मग लाईन खरंच मेली आहे का ते बघा. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टाकू नका. भर उजेडात त्याचा दिवा दिसत नाही आणि तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलात तर तो मंदच पेटतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर घ्या, आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा, मग मेलेल्या लाईनवर, मग परत चालू ठिकाणी. तिसरी पायरी सगळे गाळतात. मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल तर ते त्याच पायरीवर कळतं.

आता घर रिकामं करा. बल्ब, ट्यूब, टीव्ही, फ्रिज, चार्जर, राउटर, दाराची बेल, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळं बाहेर. डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत, सर्ज प्रोटेक्टर बसवला असेल तर तो सोडवा. जास्त दाब आला की वाट मोकळी करणं हेच त्याचं काम, त्यामुळे ५०० व्होल्टला तो उघडून रीडिंग खाली पाडतो. सगळे स्विच चालू करा, नाहीतर स्विचच्या पुढची तार तपासलीच जात नाही. जिन्यातले टू-वे स्विच एकदा इकडे, एकदा तिकडे करून दोन वेळा बघा. न्यूट्रल लिंक सोडवा.

मग मेगर. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थकडे एक रीडिंग घ्या. कमी आलं तर दोन्ही वेगळे करून प्रत्येकाचं अर्थशी बघा. शेवटी फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये. प्रत्येक वेळी ५०० व्होल्ट, एक मिनिट.

शेवटच्या मापात एक धोका आहे आणि त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. राजारामपुरीतल्या एका घरात फॉल्स सिलिंगमधले एलईडी पॅनल काढायला आळस केला. फेज-न्यूट्रलवर मेगर दिला आणि सहा ड्रायव्हर एकदम गेले. घरमालक चांगला माणूस, काही बोलला नाही. पैसे मीच भरले. सगळं सुटं करणं शक्य नसेल तर फेज-न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा आणि तिथेच थांबा.

किती मेगाओहम आलं म्हणजे पास?

मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम. जुन्या वायरमनना पाठ असलेला नियम म्हणजे ५० भागिले पॉइंटची (दिवे, पंखे, सॉकेट यांच्या जागांची) संख्या. १०० पॉइंटच्या घराला अर्धा मेगाओहम, ५० पॉइंटला एक. मात्र पूर्ण इन्स्टॉलेशनला एक मेगाओहमपेक्षा जास्त मागायचं नाही, ही सवलत त्याच नियमात होती. वायरिंगचं भारतीय मानक आयएस ७३२, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत हिशेब सोपा झाला. घरगुती दाबाच्या सर्किटला ५०० व्होल्ट डीसीने निदान एक मेगाओहम आलं पाहिजे.

पण हा आकडा नापास करण्याचा आहे, शाबासकी देण्याचा नव्हे. नवीन पीव्हीसी वायर, कोरड्या पाइपात, उपकरणं काढलेली असताना शेकड्यात मेगाओहम देते. अशा नव्या वायरिंगला कुणी तीन मेगाओहम दाखवून ‘पास आहे की’ म्हणालं तर मी सही करत नाही. कुठेतरी खिळा लागलाय, गिलाव्याचं पाणी पाइपात उतरलंय किंवा एखाद्या होल्डरचं टर्मिनल लोखंडी बॉक्सला टेकायला आलंय. उलट चाळीस वर्षांच्या घरात तीन मेगाओहम आलं तर मी चहा मागवतो.

लांबीही बघायची. इन्सुलेशनमधून होणारी गळती तारेच्या प्रत्येक मीटरमधून होते आणि त्या सगळ्या गळत्या समांतर असतात. १०० मीटर केबलला १००० मेगाओहम आलं तर तशाच एक किलोमीटर केबलला १०० च येणार. केबल तितकीच चांगली.

मेमध्ये ८० आलं, जुलैत ६. मेगर बिघडला का?

मेगरला काही झालेलं नाही, पाऊस आलाय.

जून ते सप्टेंबर इथल्या भिंती पाणी पितात. वायरच्या आवरणाला त्याने विशेष फरक पडत नाही. पडतो तो टोकांना, म्हणजे स्विचच्या मागे, होल्डरमध्ये, जंक्शन बॉक्समध्ये, बेकलाइटवर साचलेल्या धुळीत. धूळ ओली झाली की तीच तार होते. शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत, तर काळी धूळ कोळशाची आणि लोखंडाची, तिला ओल मिळाली की विचारूच नका. तिथे टर्मिनल बॉक्स कोरड्या फडक्याने पुसून रीडिंग घेतलं तरी दहापट फरक पडलेला मी पाहिलाय. मेगरवर ‘जी’ लिहिलेलं तिसरं टर्मिनल असतं, गार्ड. केबलच्या टोकाशी इन्सुलेशनवर उघड्या तारेचा वेढा देऊन तो गार्डला जोडला की पृष्ठभागावरून वाहणारा करंट मोजणीतून बाहेर पडतो. मेगर नवा घेतला की ही तार पिशवीत तशीच राहते, अनेकांच्या आयुष्यभर.

उष्णतेचा परिणाम वेगळाच. वायंडिंग दहा अंशांनी तापलं की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो. आत्ताच बंद केलेल्या, ६० अंशांवर असलेल्या मोटरला २० मेगाओहम आलं तर ते ४० अंशांवरच्या ८० सारखं आहे. म्हणून गरम मोटरचं आजचं रीडिंग गार मोटरच्या कालच्या रीडिंगशी लावून भांडण काढू नये.

एका आकड्यावरून मी कधीच निकाल देत नाही. त्याच जागेचं मागच्या मेचं आणि मागच्या जुलैचं रीडिंग शेजारी ठेवलं तरच तो काही बोलतो. दर जुलैत ६ येत असेल आणि दर मेमध्ये ८० होत असेल तर ते घर आपल्या स्वभावाने वागतंय. मेमध्येच ६ आलं तर पाना काढा.

आरसीसीबी सारखा पडतो. मेगरमध्ये तर दोन मेगाओहम आलं!

मग इन्सुलेशनला दोष देऊ नका, आधी गणित करा. आरसीसीबी म्हणजे करंट अर्थकडे गळला की लाईन तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेतरी पडतो. २३० व्होल्टला १५ मिलिअँपिअर गळायला रेझिस्टन्स सुमारे १५ किलोओहमपर्यंत उतरावा लागतो. दोन मेगाओहमला गळती ०.१२ मिलिअँपिअरच्या आसपास. त्याने आरसीसीबीला खाजही सुटत नाही.

चोर बहुधा उपकरणात असतो आणि तुम्ही मेगर लावताना उपकरणं काढून ठेवलेली असतात. पहिला संशयित गिझर. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ती उत्तम इन्सुलेटर, पण टोकाचं सील गेलं की हवेतली ओल शोषते. मे महिनाभर बंद असलेला गिझर पहिल्या पावसात लावला की आरसीसीबी खाली. एलिमेंट सोडवून वाळवा, परत मोजा. सुधारलं नाही तर बदला. दुसरं, कॉम्प्युटर, टीव्ही, एलईडी यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडी थोडी गळती कायमच चालू असते. एकाच आरसीसीबीवर अख्खं घर टाकलं तर ती थेंबे थेंबे साचते.

तिसरा प्रकार भल्याभल्यांना फिरवतो. न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असतो. घरात लोड नसताना आरसीसीबी शांत. कुणी इस्त्री लावली की पडतो, आणि इस्त्री चांगली. त्या सर्किटचा एमसीबी बंद केला तरी पडतो, कारण आपल्याकडच्या डीबीत एमसीबी बहुधा एकपोली, फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. लोड वाढला की न्यूट्रलवर थोडे व्होल्ट चढतात आणि त्याचा काही करंट टेकलेल्या जागेतून अर्थने परततो. आरसीसीबीला तेवढं पुरतं. उपाय कंटाळवाणा आहे. मेन बंद करून न्यूट्रल बारवरची एकेक तार सोडवायची आणि प्रत्येकीला अर्थशी मेगर लावायचा. एक तार शून्य दाखवते. मग त्या तारेच्या मागे बोर्ड उघडत जायचं. आरसीसीबी ‘खराब’ म्हणून बायपास करून जाणारे महाभाग आहेत. त्यांनी पोटात आलेल्या कळीवर कान कापलेला असतो.

पुराचं पाणी घरात आलं होतं. वायर सगळी बदलावी लागेल?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. चिखली, आंबेवाडीपासून शहरातल्या सखल गल्ल्यांपर्यंत घरांच्या खिडक्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे आठवडे न् आठवडे हेच काम.

पाण्यात गेलेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट टाकून द्यायचे. वरून धुऊन चकचकीत दिसतात, पण आत गाळ बसलेला असतो आणि नेमक्या वेळी एमसीबी पडत नाही. यात काटकसर नको. वायरचं तसं नाही. चांगली पीव्हीसी वायर चार दिवस पाण्यात राहून मरत नाही. मरतात ते तिचे जोड. पाइपात मात्र पाणी साचून राहतं, विशेषतः जमिनीजवळच्या वळणात. बॉक्स उघडून स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून पाइपात हवा मारायची. मग दारं-खिडक्या उघड्या ठेवून वाट बघायची.

पहिल्या दिवशी मेगर शून्याच्या जवळ बसतो. घाबरून भिंत फोडू नका. दोन-तीन दिवसांनी तेच सर्किट, तोच मेगर. ०.१ चे ०.४ झाले, मग २ झाले, तर भिंत वाळते आहे. दहा दिवस एकाच जागी अडलेलं सर्किट म्हणजे त्यात बुडालेला जोड आहे, तिथे वायर बदला. लोकांना घाई असते आणि ती मला कळते, अंधारात गाळ काढणं सोपं नाही. म्हणून मी वरच्या मजल्याचं सर्किट तपासून आधी तेवढंच चालू करून देतो. खालचं नंतर.

मोटर बुडाली असेल तर ती उघडून स्वच्छ पाण्याने धुवायची, मग वाळवायची. जुनी पद्धत म्हणजे रोटर काढून स्टेटरच्या पोटात दोनशे वॅटचे पिवळे बल्ब लावून ठेवायचे. आता तो बल्ब शोधावा लागतो आणि एलईडीने उबही येत नाही. ओव्हन असेल तर ८०-९० अंशांच्या वर नेऊ नका. वाळवताना दर तासाला मेगर लावा. पहिल्यांदा रीडिंग खाली जातं. नवी पोरं इथेच हातपाय गाळतात. वायंडिंग तापल्यामुळे आणि आतली ओल वाफ होऊन हलायला लागल्यामुळे ते घसरतं. काही तास तळाशी राहतं आणि मग चढायला लागतं. चढून एका जागी स्थिर झालं की काम झालं.

विहिरीतल्या सबमर्सिबलला वरूनच मोजता येतं का?

येतं. स्टार्टरमधून केबलच्या तिन्ही तारा सोडवा आणि त्या एकत्र करून अर्थशी मेगर लावा. केबल आणि मोटर मिळून दोन मेगाओहमच्या वर असेल तर उत्तम, अर्धा ते दोन चालतं, त्याखाली केबल किंवा जोड दुखावलाय. मोटर वर काढल्यावर आधी जोड कापून मोटर वेगळी मोजा आणि केबल वेगळी. कित्येकदा मोटर निर्दोष असते आणि पाण्यातला टेपचा जोड गुन्हेगार. पण तोवर कुणीतरी रिवाइंडिंगचं बिल देऊन बसलेलं असतं. आमच्याच धंद्याबद्दल हे लिहितोय, काय करणार.

मोटरचं वायंडिंग ओहममध्ये किती यावं?

ठरलेला आकडा नाही. तिन्ही फेज सारखे आले पाहिजेत, हे महत्त्वाचं. टर्मिनलच्या पट्ट्या काढून तीन कॉईल वेगळ्या मोजा. पट्ट्या न काढता मोजलं तर स्टारमध्ये (तिन्ही कॉईलचं एकेक टोक एकत्र) दोन टर्मिनलमध्ये एका कॉईलच्या दुप्पट येतं, डेल्टामध्ये (तिन्ही कॉईल त्रिकोणात) दोन तृतीयांश. दोन सारखे आणि एक कमी आला तर त्या फेजमध्ये वेढे आपसात शॉर्ट झालेत. आणि हे मेगरला दिसत नाही, कारण बॉडीकडे गळती नसतेच. मेगर २०० दाखवतो आणि मोटर धूर काढते.

सिंगल फेजच्या तीन तारांत, ज्या दोन तारांमध्ये सर्वात जास्त येईल त्या स्टार्टिंग आणि रनिंगच्या, उरलेली कॉमन. कॉमनपासून कमी येईल ती रनिंग.

मेगरचा आकडा चढत राहतो. कुठला लिहायचा?

एका मिनिटाचा. सुरुवातीला केबल किंवा वायंडिंग कपॅसिटरसारखं चार्ज होतं, मग इन्सुलेशन स्वतः थोडा करंट शोषत राहतं. हे दोन्ही ओसरल्यावर खरी गळती उरते. मोठ्या मोटरला दहा मिनिटं ठेवून दहाव्या मिनिटाचं रीडिंग पहिल्या मिनिटाच्या रीडिंगने भागतात. दोनच्या वर आलं तर वायंडिंग कोरडं आणि स्वच्छ. एकच्या आसपास घुटमळलं तर ओल किंवा घाण. घराच्या वायरिंगला याची गरज नाही.

हाताने फिरवायचा घेऊ की बटणाचा?

शिकायला हाताचा. मिनिटाला १६० फेऱ्यांच्या आसपास आतला क्लच सुटतो आणि व्होल्टेज स्थिर राहतं. काटा हळूहळू चढताना, अडखळताना, मध्येच पडताना दिसतो आणि त्या हालचालीतून पुष्कळ कळतं. कामाला डिजिटल सोयीचा. मेगर हे खरं तर १९०३ साली नोंदलेलं एका ब्रिटिश कंपनीचं व्यापारी नाव आहे, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा इन्सुलेशन टेस्टर मेगरच.

मेगरचा शॉक बसतो का?

बसतो. करंट बारीक असतो, पण हात झटकून शिडीवरून पडायला पुरेसा. खरी भीती टेस्टनंतरची. लांब केबलमध्ये चार्ज साठून राहतो. डिजिटल मेगर तो स्वतः उतरवतो, तरी मी जितका वेळ टेस्ट केली त्याहून जास्त वेळ टोकं शॉर्ट करून ठेवतो. ‘पायात चप्पल आहे’ हे उत्तर मला देऊ नका. कोरडं कातडं ठीक आहे, पण पावसात भिजलेली कोल्हापुरी चप्पल आणि अनवाणी पाय यात वीज फारसा भेद करत नाही.

अर्थिंगही मेगरनेच मोजायचं?

नाही. तिथे आकडा मोठा नव्हे, लहान हवा असतो. त्यासाठी जमिनीत दोन खिळे ठोकून वापरायचा अर्थ टेस्टर वेगळा. मधला खिळा अर्थिंगपासून लांबच्या खिळ्यापर्यंतच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर.

वाड्यातली जुनी लाकडी पट्टीवरची वायर आहे. ५०० व्होल्ट देऊ का?

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत अजून अशी वायर सापडते. रबराची, वरून कापसाची वीण. हात लावला की रबराचा भुगा पडतो. आधी २५० व्होल्टने बघा आणि तार हलवू नका. आकडा चांगला आला तरी मालकाला बदलायलाच सांगा. न हलवता मोजलेली ती तार, हलवल्यावर तशी राहत नाही.

हे सगळं घरच्या घरी करू का?

प्लग काढलेल्या इस्त्रीवर, रॉडवर सराव खुशाल करा. डीबी उघडायची असेल तर परमिट असलेला वायरमन बोलवा आणि त्याच्या शेजारी उभे राहून आकडे विचारा. रागावला तर दुसरा बोलवा.

वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, जागा, कुठून कुठे, किती व्होल्ट, किती वेळ, आकडा, आणि हवा. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाच्या घाण्याच्या मोटरचं पान माझ्या वहीतून जसंच्या तसं देतो. चुलवणाची वाफ आणि उसाच्या रसाची चिकटी यामुळे ती मोटर दर हंगामाआधी मोजतो.

पहिलं वर्ष, ऑक्टोबर, कोरडी हवा, मोटर गार: ९० मेगाओहम.
दुसरं, ऑक्टोबर, कोरडी: ८५.
तिसरं, ऑक्टोबर, आदल्या रात्री पाऊस: ४०. चार दिवसांनी परत: ८०.
चौथं, ऑक्टोबर, कोरडी: १२. चार दिवसांनी परत: ११. टर्मिनल बॉक्स पुसला: ११. मोटर खोलली. मागच्या बेअरिंगचं ग्रीस वायंडिंगवर, त्यात मळी. धुतली, वॉर्निश, वाळवली: ७०.